घर एक, सरकारं दोन

१९९२ च्या जानेवारीतली गोष्ट. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात फ्लॉरेन्स नावाच्या छोट्या गावात, पहाटे तीन-सव्वातीनला, केंद्र सरकारचा एक अधिकारी आपल्या सहकाऱ्यासह रस्त्याकडेला गाडी लावून बसला होता. समोर एकमेकांना चिकटलेली तीन घरं. हातात उष्णता टिपणारा कॅमेरा. त्यातल्या कायलो नावाच्या माणसाच्या घराची एक भिंत आणि गॅरेजचं छप्पर शेजाऱ्यांच्या घरांपेक्षा जास्त तापलेलं दिसलं. आतमध्ये दिव्यांच्या उजेडावर गांजा पिकवला जात असावा, असा संशय होता. वॉरंट निघालं, झडती झाली आणि शंभराहून अधिक रोपं सापडली. खटला केंद्राच्या, म्हणजे तिकडच्या भाषेत फेडरल कोर्टात गेला.

दुसरं घर मायामीतलं, २००६ सालचं. निनावी खबर मिळाली म्हणून स्थानिक पोलीस आणि डीईए या केंद्राच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे अधिकारी मिळून पाळतीवर गेले. एका पोलिसानं फ्रँकी नावाचा प्रशिक्षित कुत्रा अंगणातून थेट दारापर्यंत नेला. कुत्रा हुंगून खाली बसला. वॉरंट, झडती, आत गांजाची रोपं. इथं तर डीईए स्वतः हजर होती. तरीही खटला चालला फ्लोरिडा राज्याच्या कोर्टात.

गुन्हा जवळजवळ एकच, मग कोर्टं वेगळी का? मराठी वाचकाला हा प्रश्न विचित्र वाटतो, कारण आपल्याकडे तो फारसा उद्भवत नाही. मुंबईत एखाद्या फ्लॅटवर मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी कक्षानं धाड टाकली काय किंवा एनसीबीनं टाकली काय, कलमं १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचीच लागतात. कायदा एक, शिक्षेचा तक्ताही एकच. वर्दी तेवढी वेगळी. अमेरिकेत मात्र वर्दी बदलली की कायदा, कोर्ट, तुरुंग आणि सुटकेची तारीख, सगळंच बदलू शकतं.

एकाच शेताला दोन तलाठी

अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची फौजदारी संहिता असते. खून, चोरी, मारामारी हे मुळात राज्यांचे विषय. अमली पदार्थांवरही पन्नासही राज्यांचे आपापले कायदे आहेत. त्यांच्या डोक्यावर नव्हे, त्यांच्या शेजारी १९७० चा केंद्राचा कायदा उभा आहे. ‘शेजारी’ हा शब्द महत्त्वाचा. राज्याचा कायदा म्हणजे केंद्राच्या कायद्याची धाकटी आवृत्ती नाही आणि राज्याचं कोर्ट म्हणजे फेडरल कोर्टाची खालची पायरीही नाही. एकाच शेताला दोन तलाठी, दोघांची दप्तरं वेगळी, आणि दोघांनाही पंचनामा करायचा अधिकार.

मग केंद्राला घराच्या आत शिरायचा अधिकार मिळतो कुठून? राज्यघटनेनं केंद्राला आंतरराज्य व्यापाराचं नियमन करायला सांगितलंय, त्या कलमातून. माल राज्याबाहेर गेलाच पाहिजे असंही नाही. कॅलिफोर्नियात डायॅन मॉन्सन नावाच्या बाईंनी औषध म्हणून घरी गांजाची सहा रोपं लावली होती. राज्यात त्याला परवानगी होती. २००२ च्या ऑगस्टमध्ये काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे पोलीस आणि डीईएचे अधिकारी एकदमच दारात आले. काउंटीवाले पाहून म्हणाले, यात बेकायदेशीर काही नाही. डीईएवाल्यांचं मत वेगळं. तीन तास ताणाताणी झाली आणि शेवटी डीईएनं सहाही रोपं उपटून नष्ट केली. हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि २००५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल केंद्राच्या बाजूनं लागला. अशी घरची रोपं एकत्र धरली तर देशभराच्या बाजारावर परिणाम होतो, म्हणून केंद्राला ती रोखता येतात, असा त्यामागचा युक्तिवाद. मला तो ओढूनताणून केलेला वाटतो. पण कायदा म्हणून तो उभा आहे, आणि घरातून विकलेल्या अर्ध्या ग्रॅमच्या पुडीवरही केंद्राला तत्त्वतः खटला भरता येतो.

तत्त्वतः भरता येतो, प्रत्यक्षात क्वचित भरतात. देशातले बहुतांश ड्रग्जचे खटले राज्यांच्या कोर्टांतच चालतात. केंद्र निवडून घेतं, आणि ती निवड कशावरून होते हे समजलं की निम्मा गुंता सुटतो.

सहाशे ग्रॅमचा हिशोब

एक काल्पनिक घर घेऊ. कॅलिफोर्नियात भाड्यानं घेतलेलं. स्वयंपाकघरात ६०० ग्रॅम कोकेन, छोटा वजनकाटा, प्लॅस्टिकच्या पिशव्या. पलंगाखाली रोकड आणि कपाटात भरलेलं पिस्तूल. आरोपीवर आधीचा एकही गुन्हा नाही.

राज्याच्या कायद्यानं विक्रीसाठी कोकेन बाळगण्याची मूळ शिक्षा दोन, तीन किंवा चार वर्षं. विक्रीसाठी जागा चालवली म्हणून वेगळं कलम आहे, पण ते तुलनेनं हलकं. वजनामुळे शिक्षा वाढते ती माल एक किलोच्या वर गेला तर, त्यामुळे इथं ती वाढ नाही. पिस्तुलासाठी जादा वर्षं लागतात. शिवाय चांगल्या वागणुकीची सूट या राज्यात बऱ्यापैकी उदार आहे.

आता तेच घर केंद्राच्या नजरेतून. केंद्राच्या तक्त्यात वजन हाच राजा. ५०० ग्रॅम कोकेन ओलांडलं की किमान पाच वर्षं, कमाल चाळीस. पाच किलो ओलांडलं की किमान दहा, कमाल जन्मठेप. हेरॉईनसाठी हेच दोन टप्पे १०० ग्रॅम आणि एक किलो. फेंटानिल या अतिजहाल कृत्रिम ड्रगचं मिश्रण असेल तर ४० ग्रॅम आणि ४०० ग्रॅम. गांजाची रोपं असतील तर १०० आणि १०००. (ओरेगॉनच्या त्या घरात शंभराहून अधिक रोपं सापडली होती हे आठवत असेल.) इथं मिश्रण म्हणजे पुडीतलं सगळं वजन: चाळीस ग्रॅममध्ये फेंटानिल चिमूटभर आणि बाकी भेसळ असली तरी वजन चाळीसच धरतात. त्या विक्रीतून कुणाचा जीव गेला तर किमान वीस वर्षं.

आपल्या काल्पनिक घरात ६०० ग्रॅम, म्हणजे किमान पाच. पिस्तूल धंद्याच्या राखणीसाठी ठेवलं होतं असं सिद्ध झालं तर आणखी किमान पाच, आणि तीही पहिली पाच भोगून झाल्यावर. झाली दहा. न्यायाधीशांना आरोपीची कितीही दया आली तरी त्यांचा हात इथं बांधलेला असतो. त्यातही केंद्राकडे पॅरोल, म्हणजे तिकडच्या अर्थानं शिक्षा संपण्याआधी अटींवर होणारी सुटका, नाही. १९८४ च्या कायद्यानं तो बंद केला आणि नोव्हेंबर १९८७ पासूनच्या गुन्ह्यांना तो मिळत नाही. चांगल्या वागणुकीची सूट वर्षाला फार तर ५४ दिवस. दहातली साडेआठच्या आसपास वर्षं प्रत्यक्ष आत काढायची.

यावरून ‘राज्य म्हणजे हलकं, केंद्र म्हणजे जड’ असं सूत्र बांधायचा मोह होतो. पण टेक्सासमध्ये पाच ग्रॅम कोकेन विकलं, तर राज्याच्या कायद्यानं तो पहिल्या दर्जाचा गुन्हा ठरतो आणि शिक्षा पाच ते नव्याण्णव वर्षं किंवा जन्मठेप. तेवढ्याच मालाला केंद्राकडे किमान शिक्षाच नाही, कमाल वीस वर्षं. तिथं आरोपीचा वकील उलट देव पाण्यात घालून बसेल की केंद्रानंच प्रकरण उचलावं. अर्थात टेक्सासमध्ये पॅरोल आहे, हेही त्याला हिशोबात धरावं लागेल.

फोन कोण कुणाला करतं

प्रकरण कुठे जाणार हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. ते सरकारी वकील ठरवतात. राज्याच्या बाजूला बहुतेक ठिकाणी जिल्ह्यानं निवडून दिलेला डिस्ट्रिक्ट ॲटर्नी असतो. तो मतं मागून आलेला. केंद्राच्या बाजूला देशभरात ९३ यूएस ॲटर्नी, सगळे राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. मधे पुलासारखी संयुक्त पथकं: स्थानिक पोलीस, शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) आणि डीईए एका कार्यालयात बसून काम करणारे.

म्हणून क्रम अनेकदा असा दिसतो. गावचे पोलीस धाड टाकतात, राज्याचा गुन्हा दाखल होतो, आरोपी जामिनावर घरी येतो. काही महिने शांततेत जातात. मग एका सकाळी वेगळ्या अक्षरांची जॅकेटं घातलेली माणसं दारात उभी. मधल्या काळात फाइल केंद्राकडे गेलेली असते, नागरिकांच्या ग्रँड ज्युरीनं बंद दाराआड आरोपपत्र मंजूर केलेलं असतं आणि राज्य आपला खटला मागे घेतं. फाइल हलवायची कारणं ठरलेली: मोठं वजन, बंदूक, जुन्या शिक्षा, दोन-तीन राज्यांत पसरलेलं जाळं, ओव्हरडोसनं झालेला मृत्यू. आणि एक कारण फारसं कुणी बोलून दाखवत नाही. केंद्रामार्फत झालेल्या जप्तीतला ८० टक्क्यांपर्यंतचा वाटा मदत करणाऱ्या स्थानिक पोलीस खात्याला परत मिळू शकतो.

पुराव्याचंही कारण असतं. एकेकाळी राज्याच्या पोलिसांनी बेकायदा झडती घेऊन मिळवलेला माल केंद्राच्या वकिलाला चालायचा. याला तिकडे ‘चांदीच्या तबकातला’ पुरावा म्हणत. १९६० साली सर्वोच्च न्यायालयानं ते तबक काढून घेतलं. तरी एक फट राहिलीच. घरासमोर ठेवलेल्या कचऱ्याच्या पिशव्या वॉरंटशिवाय उघडून पाहायला केंद्रीय राज्यघटनेची हरकत नाही, असा १९८८ चा निकाल आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र दोनच वर्षांनी आपल्या राज्याच्या घटनेखाली सांगितलं की पिशवी उघडायला वॉरंट लागेल. म्हणजे एडिसनमधल्या एखाद्या घरासमोरच्या कचऱ्यात वॉरंटशिवाय सापडलेल्या रिकाम्या पुड्या राज्याच्या कोर्टात बाद, आणि नेवार्कच्या फेडरल कोर्टात चालणाऱ्या.

फेडरल आरोप लागला की जामिनाचंही गणित उलटतं. ज्या ड्रग्जच्या गुन्ह्याला कमाल दहा वर्षं किंवा अधिक शिक्षा आहे, त्यात आरोपीला आतच ठेवावं असं गृहीत धरून सुरुवात होते आणि ते खोडून काढायची जबाबदारी बचावाच्या बाजूवर येते. पुढे खटला असा क्वचितच चालतो. शंभरातले नव्वदहून अधिक आरोपी गुन्हा कबूल करून तडजोड करतात. किमान शिक्षेखाली उतरायचे दोनच मुख्य जिने. एक म्हणजे जुना गुन्हा नाही किंवा किरकोळ आहे, हिंसा किंवा बंदूक नाही, टोळीचा म्होरक्या नाही आणि जे माहीत होतं ते सगळं सांगून टाकलं, अशांसाठीची सवलत. दुसरा, इतरांविरुद्ध मदत करणं. दुसऱ्याची किल्ली सरकारी वकिलाच्या खिशात.

दोन्हीकडे खटला होऊ शकतो का? हो. राज्य आणि केंद्र हे दोन स्वतंत्र सार्वभौम, म्हणून एकाच कृत्याचे दोन गुन्हे होतात, ‘एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही’ हा नियम तिथं आडवा येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी हे पुन्हा पक्कं केलं. केंद्राच्या न्याय खात्याचं अंतर्गत धोरण असं दुहेरी खटले टाळायला सांगतं, आणि न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांनी कायदा करून स्वतःलाच बरीच वेसण घातली आहे. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. ते मोडलं म्हणून आरोपीला कोर्टात दाद मागता येत नाही.

घराचाच गुन्हा

आतापर्यंत घर ही नुसती जागा होती. केंद्राच्या कायद्यात १९८६ पासून ती स्वतःच गुन्ह्याचा विषय झाली. क्रॅक, म्हणजे ओढायच्या स्वस्त कोकेनची दहशत होती त्या वर्षी आलेलं हे कलम ‘क्रॅक हाउस’ कलम म्हणूनच ओळखलं जातं. ड्रग्ज बनवण्यासाठी, विकण्यासाठी किंवा घेण्यासाठी जाणूनबुजून जागा ठेवणं, भाड्यानं घेणं किंवा वापरणं हा याचा एक भाग. जागा आपल्या ताब्यात असताना दुसऱ्याला अशा कामासाठी जाणूनबुजून देणं किंवा त्यातून कमावणं हा दुसरा. शिक्षा वीस वर्षांपर्यंत. जागा ताब्यात असलेल्यानं स्वतः पुडीला हात लावला की नाही, हा प्रश्नच इथं येत नाही. आपल्या एनडीपीएसमध्येही जागा वापरू देणाऱ्यासाठी कलम २५ आहे, त्यामुळे कल्पना परकी नाही.

न्यू जर्सी, टेक्सास, बे एरिया इथं दुसरं घर घेऊन भाड्यानं देणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी या कलमातला कळीचा शब्द ‘जाणूनबुजून’. भाडेकरूनं घरात काय केलं हे ज्याला खरंच ठाऊक नाही, तो मालक गुन्हेगार ठरत नाही. पण शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या, पोलिसांचं पत्र आलं, भाडं दर महिन्याला चुरगळलेल्या नोटांत यायला लागलं, तरी ‘मला काय करायचंय’ म्हणून गप्प बसलं, तर तो अडाणीपणा ओढवून घेतलेला आहे असं सरकारी वकील ज्युरीला सांगू शकतात. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराची सबब तिकडेही चालत नाही.

हेच कलम चांगल्या हेतूच्या लोकांवरही उलटलंय. फिलाडेल्फियात एका संस्थेला अशी जागा उघडायची होती, जिथं व्यसनी माणसं स्वतः आणलेलं ड्रग परिचारिकांच्या देखरेखीखाली घेतील आणि ओव्हरडोस झाला तर वाचवली जातील. २०२१ मध्ये फेडरल अपील कोर्टानं दोन विरुद्ध एक मतानं सांगितलं, हेतू उदात्त असेल, पण कलम मोडतं.

सोबत राहणाऱ्यांचं काय? नवऱ्याच्या धंद्याच्या घरात बायको राहते, मित्राच्या घरात विद्यार्थी खोली घेतो. नुसतं त्या घरात असणं गुन्हा नाही. पण निरोप पोहोचवला, पार्सल घेतलं, पैसे मोजून ठेवले की ‘कटा’चं कलम जवळ येतं. फेडरल ड्रग्ज कटात संगनमत सिद्ध झालं की पुरे, त्यापुढे काही कृती घडलीच पाहिजे अशी अट नाही. कटाची शिक्षा मूळ गुन्ह्याएवढीच.

घर कुठे आहे, यालाही किंमत आहे. शाळा, खेळाचं मैदान किंवा सरकारी गृहसंकुल यांच्यापासून हजार फुटांत, म्हणजे साधारण तीनशे मीटरच्या आत घर असेल तर केंद्राची कमाल शिक्षा दुप्पट होते. असे नियम अनेक राज्यांतही आहेत. दाट वस्तीच्या शहराच्या नकाशावर ही वर्तुळं काढून बघा, बाहेर राहिलेली जागा शोधावी लागते. उपनगरातल्या ऐसपैस बंगल्यातला विक्रेता मात्र या वर्तुळांतून सहज सुटतो. मुलांच्या संरक्षणासाठी केलेला नियम प्रत्यक्षात शहरी गरिबांवर जास्त पडतो तो असा.

आणि शेवटी घर जातंही. दिवाणी जप्तीत आरोपी माणूस नसतो, घरच असतं. खटल्याच्या नावातही घराचा पत्ता येतो: ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध ९२ ब्यूना व्हिस्टा ॲव्हेन्यू’, न्यू जर्सीतल्या रमसन गावचं घर. मित्रानं दिलेल्या पैशातून एका बाईंनी ते १९८२ मध्ये घेतलं होतं, आणि तो पैसा ड्रग्जचा असल्याचं सरकारचं म्हणणं. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की पैसा कुठून आला हे ठाऊक नसलेल्या मालकाला बचाव मिळायला हवा, मग घर भेट म्हणून का मिळालेलं असेना. २००० साली संसदेनं हे नियम नव्यानं बांधले, पण ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायचं ओझं अजून मालकावरच आहे. राज्यंही यात मागे नाहीत. फिलाडेल्फियात एका कुटुंबाच्या मुलानं घराजवळ ४० डॉलरचं हेरॉईन विकलं म्हणून २०१४ मध्ये आईवडिलांना घराबाहेर काढून दाराला कुलूप लावलं होतं. त्यांच्यावर कसलाच आरोप नव्हता. त्यातून उभा राहिलेला सामुदायिक दावा पुढे तडजोडीत मिटला आणि शहराला आपली पद्धत बदलावी लागली.

सुरुवातीच्या दोन्ही घरांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. दोन्ही प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली, २००१ आणि २०१३ मध्ये. दोन्ही निकाल पाच विरुद्ध चार, दोन्ही न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलेले. वॉरंटशिवाय कॅमेरा रोखणं ही झडती, आणि कुत्रा दारापर्यंत नेणं हीसुद्धा झडतीच. कॅमेऱ्यातून घरची बाई रोज कधी आंघोळ करते हेही कळू शकेल, असं स्कालियांनी लिहिलं होतं. घराच्या उंबऱ्याबाबत तेवढं तरी दोन्ही कोर्टांना सारखंच लागू होतं.

पासपोर्ट भारतीय असेल तर

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या माणसासाठी राज्य की केंद्र हा फरक एका बाबतीत पुसला जातो. ड्रग्ज विकल्याची शिक्षा कुठल्याही कोर्टानं दिली, तरी तिची तुलना केंद्राच्या कायद्याशी करतात, आणि ती तिथल्या विक्रीच्या गंभीर गुन्ह्याशी जुळली की देशाबाहेर पाठवणं जवळपास अटळ. वीस वर्षं टॅक्स भरला, मुलं तिथली नागरिक आहेत, यातलं काहीही कामी येत नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गुन्हा कबूल करण्याआधी या परिणामाची कल्पना देणं हे बचावाच्या वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे. ते प्रकरण व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेल्या एका ग्रीन कार्डधारक ट्रकचालकाचं होतं. पकडलं राज्यानं, आरोप गांजा वाहून नेल्याचा.

विक्रीच काय, नुसतं बाळगण्यातही हा सापळा आहे. अनेक राज्यांत पहिल्यांदा सापडलेल्याला गुन्हा कबूल करायला लावून उपचारवर्गाला पाठवतात, वर्ग पूर्ण केला की खटला रद्द होतो. राज्याच्या दप्तरी पाटी कोरी. पण इमिग्रेशनच्या दप्तरी ती कबुली ‘दोषसिद्धी’ म्हणून तशीच राहते. कॅलिफोर्नियानं याच कारणानं २०१८ पासून आपली पद्धत बदलली, आणि आता तिथं वर्गाला जाण्याआधी गुन्हा कबूल करावा लागत नाही.